काडीमोल

आपल्या मराठी भाषेने काडीवर मोठा अन्याय केलेला आहे. एखादी वस्तू मातीच्या भावाने विकावी लागली, की ती 'काडीमोलाने गेली' म्हणायचे. मुलगा अभ्यास करीत नसला, की त्याला 'काडीची अक्कल नाही'. नवराबायकोचे पटेनासे झाले, की होते ती 'काडीमोड'. काडीच्या बाजूने बोलणारी एखादी म्हण आहे का म्हणून आठवून पाहिले, तर 'बुडत्याला काडीचा आधार' एवढीच सापडली. आणि तिच्यातही काडीच्या दुबळेपणावरच बोट आहे! गंमत अशी, की हे सगळे वाक्प्रचार वापरणारे आपण रोज सकाळी ज्या चहाने डोळे उघडतो, त्या चहातले दूध पुष्कळसे या काडीतूनच आलेले असते.

मी व्यवसायाने गुरांचा डॉक्टर. नोकरीची तीस वर्षे खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत काढून आता पुण्यात मुलाकडे विसावलो आहे. संध्याकाळी सोसायटीतल्या बाकावर आम्ही चार निवृत्त मंडळी बसतो. दुधाच्या पिशवीचा भाव वाढला, की माझी साक्ष निघते. "काय हो डॉक्टर, इकडे दूध महाग होतंय आणि तिकडे शेतकरी म्हणतो परवडत नाही. मग मधला पैसा जातो कुठे?" मधल्या मध्ये पैसा खाणारे पुष्कळ असतात, हे मी नाकारीत नाही. पण दुधाला जो खर्च येतो त्यात निम्म्याहून अधिक वाटा गुराच्या खाण्याचा असतो, आणि त्या खाण्यातला मोठा भाग गाईच्या अंगी न लागता मागच्या बाजूने शेण होऊन पडतो. मधला पैसा शोधायचा तर तो तिथेही शोधावा लागेल.

गाय हिरवेगार गवत खाते, ही आपली समजूत कॅलेंडरावरच्या चित्रांनी करून दिलेली आहे. २०१९ च्या पशुगणनेत आपल्या देशात १९ कोटींवर गाईबैल आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. एवढ्या जनावरांना बारा महिने हिरवा चारा पुरवायचा, तर माणसांसाठी धान्य कुठे पिकवायचे? कालव्याच्या नाहीतर विहिरीच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे, त्यांच्या दावणीला हिरवे असते. बाकीच्यांकडे पावसाळा सरला की दाणे काढून घेतल्यावर जे उरते, ते. सोलापूर-मराठवाड्याकडे ज्वारीचा कडबा, कोकणात आणि मावळात भाताचा पेंढा, विदर्भात तुरीहरभऱ्याचे कुटार, पंजाब-हरियाणात गव्हाचे भुसकट. माणसाने दाणा खायचा आणि गुराने काडी, अशी ही हजारो वर्षांची वाटणी आहे. आता तुम्ही म्हणाल, त्या बिचाऱ्या काडीत असते तरी काय? तर ऐका.

उपासाच्या दिवशी तुम्ही साबुदाण्याची खिचडी खाता. साबुदाणा म्हणजे पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोज या साखरेच्या कणांची लांबच लांब माळ. खिचडी खाताना तुम्ही जे सुती धोतर नेसला असाल (किंवा सुती लुगडे), तेही ग्लुकोजच्याच कणांची माळ असते! फरक एवढाच, की धोतरातल्या माळेचे मणी वेगळ्या तऱ्हेने गाठलेले असतात. या दुसऱ्या माळेला शास्त्रज्ञ सेल्युलोज म्हणतात. साबुदाण्याच्या गाठी आपल्या पोटाला सोडवता येतात, धोतराच्या येत नाहीत. म्हणून आपण खिचडी खातो आणि धोतर नेसतो. काडीच्या शंभर भागांतले साठ-पासष्ट भाग सेल्युलोज आणि त्याच्याच जातीच्या पदार्थांचे असतात. म्हणजे कडब्याची गंज ही एका अर्थी साखरेची गंजच.

माणसाला न सुटणाऱ्या या गाठी गाईला सुटतात, पण त्या ती स्वतः सोडवत नाही. तिने त्यासाठी नोकर ठेवलेले आहेत. तिच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर-दीडशे लिटरांचा असतो. घरातले पाण्याचे पिंप डोळ्यांपुढे आणा. त्या कप्प्यातला चमचाभर रस काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात अब्जावधी जंतू वळवळताना दिसतात. काडी फोडायचे काम यांचे. ते स्वतःचे पोट भरतात, आणि त्यांच्या उष्ट्यावर आणि शेवटी त्यांच्याच देहांवर गाय जगते. दिवसातले सहा-आठ तास ती डोळे अर्धवट मिटून रवंथ करीत बसते, तेव्हा ती आळशीपणाने बसलेली नसते. नोकरांसाठी दळण दळीत असते.

मग अडते कुठे? अडते ते लिग्निनमध्ये. झाडाला ताठ उभे राहण्यासाठी हाडे नसतात, म्हणून ते आपल्या पेशींच्या भिंती लिग्निन नावाच्या टणक द्रव्याने पक्क्या करते. तुमच्या इमारतीचा स्लॅब आठवा. सेल्युलोज म्हणजे आतल्या लोखंडी सळ्या, लिग्निन म्हणजे त्यांना धरून ठेवणारे सिमेंट. कोवळ्या बाटुकात हे सिमेंट थोडे असते. कणीस पक्व होऊन धाट वाळू लागले, की ते घट्ट बसते. पोटातल्या जंतूंना सळ्या हव्या असतात, पण सिमेंट फुटत नाही. शिवाय त्यांना स्वतःची वाढ करायला नत्र लागते, आणि काडीत प्रथिन जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे मजुरांना काम अवघड आणि वर मजुरीही नाही. परिणाम असा, की शंभर किलो भाताचा पेंढा खाल्ला तर चाळीस-पंचेचाळीस किलोच गाईच्या उपयोगी पडतो. बाकीचे शेण. गोवरी इतकी छान जळते ती याचमुळे. तिच्यात न पचलेली काडीच असते.

भाताच्या पेंढ्याचे तर आणखी दोन दोष. वाळूत जे सिलिका असते तेच त्यात भरपूर असते, आणि त्यातली ऑक्झलेटे गाईच्या शरीरातला चुना बांधून टाकतात. पंजाबात कापणीयंत्राने मागे ठेवलेला भाताचा पेंढा शेतकरी जाळतात, आणि दिवाळीच्या सुमारास दिल्लीकरांचे डोळे चुरचुरतात. गव्हाचे भुसकट मात्र तेच शेतकरी जपून साठवतात. गाईच्या जिभेला जे कळते, त्याचेच हे प्रतिबिंब.

आता या सिमेंटवर उपाय काय? तो आपल्या गृहिणींना ठाऊक आहे. छोले काही केल्या शिजत नाहीत, तेव्हा त्या चिमूटभर खायचा सोडा टाकतात. सोडा हा क्षार आहे, आणि क्षाराने वनस्पतीच्या पेशींची भिंत सैल पडते. त्याने जमले नाही तर कुकर आहेच! जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या फ्रान्झ लेमान या शास्त्रज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमके हेच काडीवर करून पाहिले. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात काडी घालून ती दाबाखाली शिजवली. काडी मऊ झाली, गुरांना पचली, पण एवढा कोळसा जाळायचा कुणी? तो प्रयोग मागे पडला.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली. बाहेरून येणारा दाणागोटा बंद झाला. माणसांची उपासमार, तिथे जनावरांकडे कोण पाहणार? तेव्हा एर्न्स्ट बेकमन या काडीच्या प्रश्नाकडे वळला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकलेल्या वाचकांना बेकमनचा थर्मामीटर आठवत असेल. तोच हा बेकमन. त्याने काडी शिजवण्याची कटकटच काढून टाकली. दीड टक्का कॉस्टिक सोड्याच्या थंड पाण्यात ती दहा-बारा तास भिजत घालायची आणि मग स्वच्छ धुवायची. ज्या काडीतले शंभरांतले पंचेचाळीस भाग पचत होते, तिच्यातले सत्तरांच्या आसपास पचू लागले. म्हणजे काडी जवळजवळ चांगल्या गवताच्या पंगतीला जाऊन बसली.

नॉर्वेसारख्या देशात, जिथे हिवाळा लांब आणि शेतजमीन थोडी, ही पद्धत पुढे कित्येक वर्षे टिकली. तिच्यात खोट होती ती धुण्याची. पाणी बेसुमार लागे, धुताना काडीतला चांगला अंशही वाहून जाई, आणि तो सोडा जाऊन नदीनाल्यांत मिसळे. म्हणून १९७० च्या दशकात नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी सोडा सोडून अमोनिया हाती घेतला. अमोनिया हाही क्षारच, पण तो वायुरूप. काडीची गंज प्लास्टिकने झाकायची, आत अमोनिया सोडायचा आणि काही आठवडे स्वस्थ बसायचे. धुणे नाही, सांडपाणी नाही. शिवाय अमोनियात नत्र असते, त्यामुळे सिमेंट सैल होते आणि मजुरांना मजुरीही मिळते. एका दगडात दोन पक्षी.

पण अमोनिया येतो तो दाबाच्या टाक्यांतून. आमच्या खेड्यात एस. टी. पोचायची मारामार, तिथे अमोनियाची टाकी कशी जाणार? उत्तर सोपे निघाले. युरिया ओला राहिला की हळूहळू फुटून त्याचा अमोनिया होतो, आणि युरियाची गोणी गावोगाव पोचलेली होतीच. १९८० च्या दशकात बांगलादेश, श्रीलंका, भारत या भातखाऊ देशांत यावर पुष्कळ काम झाले. आपल्याकडे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेदरलँड्सच्या सहकार्याने कित्येक वर्षे हाच विषय धरून ठेवला. करनालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत त्यावर प्रयोग झाले. त्यातून जी कृती ठरली ती अशी: शंभर किलो काडीला चार किलो युरिया, चाळीस ते साठ लिटर पाण्यात विरघळवून. आणि झाकून ठेवायचे दिवस एकवीस.

१९८८ साली माझी बदली मावळातल्या एका दवाखान्यावर झाली, तेव्हा याच कृतीची प्रात्यक्षिके गावोगाव करून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. डोंगराच्या पायथ्याची भातखाचरे, दिवाळीनंतर खळ्यावर पेंढ्याच्या रचलेल्या उडव्या, आणि फेब्रुवारी उजाडला की बरगड्या मोजून घ्याव्यात अशी जनावरे. मी पहिले प्रात्यक्षिक केले ते दोन संकरित गाई असलेल्या एका घरी. मालक गिरणीत कामाला, गोठा सगळा वहिनींच्या अंगावर. अंगण सारवून घेतले, त्यावर प्लास्टिक अंथरले. पेंढ्याचा एक थर द्यायचा, झारीने युरियाचे पाणी सारखे शिंपडायचे, वर दुसरा थर, आणि मुलांना त्यावर नाचायला लावायचे. पेंढा असा तुडवला, की आतली हवा निघून जाते आणि बुरशी धरत नाही. मुले खूष! शेवटी ताडपत्री ओढून कडा चिखलाने लिंपल्या. वहिनी एकवीस दिवस मोजत होत्या. गणपतीचे दिवसही कुणी इतके मोजले नसतील.

बाविसाव्या दिवशी ताडपत्री उचलली आणि असा भपकारा आला, की जमलेली सगळी मंडळी डोळे पुसत चार पावले मागे सरली. जुन्या वाचकांना कल्हईवाल्याचा नवसागर आठवत असेल. त्याचीच ही थोरली बहीण. पिवळा पेंढा बदामी रंगाचा झाला होता आणि हातात मऊ लागत होता. "डॉक्टर, ह्यो वास घिऊन गाय तोंड लावील व्हय?" वहिनींनी विचारले. मी म्हटले, आधी पसरून वारा लागू द्या. तीन-चार तासांनी वास विरल्यावर गाईपुढे नेहमीच्या पेंढ्यात मिसळून थोडा टाकला. पहिल्या दिवशी तिने नाक मुरडले. तिसऱ्या दिवशी साधा पेंढा बाजूला सारून ती बदामी पेंढा शोधू लागली. महिन्याभरात दोन्ही गाईंचे मिळून लिटरभर दूध वाढले आणि आंबोण मात्र होते तेवढेच राहिले. ऐकायला लिटर लहान वाटते. पण रोजचे एक लिटर म्हणजे त्या घरात मुलीच्या शाळेच्या एस. टी.चा पास होता.

हिशेबाने पाहिले तर ही कृती आजही स्वस्तच आहे. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी अनुदानामुळे पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. म्हणजे शंभर किलो पेंढ्याला लागणारा युरिया पंचवीस रुपयांच्या आतबाहेर. त्या बदल्यात पेंढ्यातले प्रथिन तीन-चार टक्क्यांवरून सात-आठ टक्क्यांवर जाते, पचणारा भाग दहाएक टक्क्यांनी वाढतो, आणि मऊ झाल्यामुळे गाय खातेही जास्त. सोड्याइतका चमत्कार नाही, पण अंगणात होण्याजोगा आहे. मग हे घरोघर का झाले नाही, हा प्रश्न तुमच्याप्रमाणेच माझ्याही वरिष्ठांनी मला विचारला होता.

एक कारण मी डोळ्यांनी पाहिले. त्याच वहिनींच्या गावी, वरच्या आळीत एका घराने आपणहून हा प्रयोग आरंभला. युरियाचे पाणी बादलीत कालवून ठेवले आणि माणसे पेंढा आणायला खळ्यावर गेली. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी बादली पाहिली. गुरांच्या वैरणीवर मिठाचे पाणी शिंपडण्याची आणि उन्हातून आलेल्या जनावराला ते पाजण्याची रीत जुनीच. आजींनी मायेने ती बादली गाईपुढे ठेवली. झाकलेल्या गंजीत जो युरिया एकवीस दिवसांत सावकाश फुटतो, तो पोटात गेला तर तासाभरात फुटतो आणि अमोनिया रक्तात चढतो. मला निरोप पोचून मी सायकलने जाईपर्यंत दोन तास झाले होते. गाय आडवी पडली होती. तोंडाला फेस, सारे अंग थरथरते आहे, पोट नगाऱ्यासारखे फुगलेले. यावर उतारा आहे तो व्हिनेगर आणि भरपूर थंड पाण्याचा, कारण आंबटाने क्षार मरतो. माझ्या पेटीत व्हिनेगर होते. पाजले. पण वेळ टळून गेली होती. अंधार पडायच्या आत गाय गेली. आजी उंबऱ्यावर बसून होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्या गावात पुढची दोन-तीन वर्षे युरियाचे नाव कुणी काढू देईना. गावकऱ्यांना अडाणी म्हणणारे आमच्या खात्यात काही होते. मी तसे म्हणणार नाही. ज्याची एकुलती गाय आहे, त्याने शंभरांत एका बादलीचा धोका का पत्करावा? छापील पत्रकात 'सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये, द्रावण जनावरांपासून दूर ठेवावे' हे शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असे. माझ्या मते ते पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत हवे होते.

दुसरे कारण मला १९९२ साली कळले. त्या वर्षी मी बदलून सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूला गेलो. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार. तिथल्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी डोक्यावर जाते. मी उत्साहाने कृती सांगायला लागलो, तसे एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "डॉक्टर, पन्नास लिटर पाणी म्हणालात न्हवं? हितं आमची सून दीड कोसावरनं दोन घागरी आणती. त्यातली एक कडब्याला पाजू काय?" मी निरुत्तर झालो. ज्या वर्षी पाऊसपाणी बरे असते, त्या वर्षी कडबा चांगला असतो आणि उपायाची निकड नसते. ज्या वर्षी निकड असते, त्या वर्षी पाणी नसते आणि पुष्कळदा कडबाही नसतो. शिवाय भाकड गाईला किंवा बसून असलेल्या बैलाला हा पेंढा घातला, तर जनावर जरा तजेलदार दिसते, पण घरात पैसा काही येत नाही. आणि सगळा राबता बायकांच्या माथी. भारत-नेदरलँड्स प्रकल्पातले शास्त्रज्ञही सुरुवातीच्या उत्साहानंतर याच निष्कर्षाला आले: पेंढा मुबलक आणि स्वस्त, हिरवा चारा दुर्मिळ, पाणी हाताशी, आणि दावणीला मध्यम दूध देणारी गाय, अशा ठिकाणीच ही कृती पैसे फेडते. मावळाला ती लागू पडत होती, मंगळवेढ्याला नव्हती.

पण त्या म्हाताऱ्यांनी मला नुसते निरुत्तर करून सोडले नाही. ते उठले, गंजीतले एक ताट ओढून त्यांनी ते मधोमध मोडले आणि दाताखाली धरले. मग मलाही एक तुकडा दिला. "चावा." मी चावले. वाळलेल्या ताटातही किंचित गोडी होती. "ही मालदांडी. आता हे बघा," म्हणून त्यांनी दुसऱ्या कुठल्या वाणाचे ताट दिले. ते लाकूड होते. "गुरं पयलं ताट बुडख्यापर्यंत खात्यात, दुसऱ्याची पानं वरबडून धाट टाकून देत्यात. तुमचं औषध नंतर. आधी बी कसलं पेरायचं ते सांगा."

यात फार मोठा मुद्दा होता. मालदांडी ही मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली ज्वारी. १९६४ साली 'सीएसएच-१' ही आपल्या देशातली पहिली संकरित ज्वारी आली. हायब्रीडची भाकरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची चव सांगायला नको, पण तिने दुष्काळात माणसे जगवली, हेही खरे. तिचे ताट मात्र बुटके आणि कडबा थोडा. वाण निवडताना तज्ज्ञ मंडळी मोजत होती ते एकरी दाणे. गुराच्या वाटणीची काडी कुणी मोजतच नव्हते. शेतकरी मोजत होता, आणि म्हणून रब्बीच्या रानात त्याने मालदांडी सोडली नाही. तेव्हा त्याला हटवादी म्हटले गेले.

पुढे हैदराबादजवळच्या पटनचेरूला आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या वैरणबाजारातला कडबा दर महिन्याला विकत घेतला आणि प्रयोगशाळेत तपासला. बाजारात कडब्याचे भाव वेगवेगळे होते. व्यापारी नुसते पाहून, हाताळून ते ठरवीत. प्रयोगशाळेत निघालेली पचनीयता आणि बाजारातला भाव यांचा मेळ बसला! हलक्या आणि भारी कडब्याच्या पचनीयतेत फरक होता सुमारे पाच टक्क्यांचा, पण भारी कडब्याला भाव मिळत होता जवळजवळ पाव हिश्शाने जास्त. वैरणवाल्याला लिग्निन हा शब्द ठाऊक नव्हता. त्याला गिऱ्हाईक ठाऊक होते, आणि गिऱ्हाइकाला आपली म्हैस. आता तर यंत्रातून अवरक्त किरण टाकून काडीची पचनीयता मिनिटभरात वर्तवता येते, त्यामुळे वाण निवडताना शेकडो नमुने तपासणे शक्य झाले आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेल्या 'फुले वसुधा', 'फुले रेवती' या ज्वारीच्या वाणांची माहिती वाचाल, तर दाण्याच्या उत्पन्नाशेजारी कडब्याचे उत्पन्नही छापलेले दिसेल. काडीला स्वतःचा रकाना मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे. असे बी पेरले तर शेतकऱ्याला वेगळे पाणी लागत नाही, ताडपत्री लागत नाही आणि बादलीही लागत नाही.

इतरही उपाय आहेत, त्यांत मी फार शिरत नाही. काडीची कुट्टी केली तर ती जास्त पचते असे नाही, पण वाया कमी जाते. नुसती पेंडी फेकली तर धाटे तुडवली जातात. बांधावर शेवरी किंवा वाफ्यात लसूणघास लावून त्याच्या मूठ-दोन मुठी दिल्या, तर पोटातल्या मजुरांना नत्र मिळते आणि तीच काडी बरी पचते. युरिया, मळी आणि खनिजे यांची चाटण-वीटही मिळते. तुम्ही बाजारातून धिंगरी अळंबी आणता ना? ती काडीवरच उगवते आणि लिग्निन खाऊ शकते. पण ती काडीतला आपला वाटा आधी काढून घेते. आणि हरियाणात पानिपतला २०२२ साली भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा मोठा कारखाना सुरू झाला. मोटारीलाही आता काडी लागणार, तेव्हा गाईला ती काडीमोलाने मिळेल असे दिवस राहिलेले नाहीत.

२०१३ च्या दुष्काळात मला चारा छावण्यांवर ड्यूटी होती. शेकडो जनावरे ओळीने बांधलेली, आणि पुढे ऊस. सकाळी ऊस, संध्याकाळी ऊस. उसाच्या वाढ्यांतही ऑक्झलेटे असतात, म्हणून आम्ही चुन्याची निवळी शिंपडायला सांगत फिरत होतो. छावणीत एक बाई आपल्या म्हशीपुढे बसली होती. तिने घरून येताना कडब्याच्या चार पेंड्या आणल्या होत्या आणि रोज त्यातली चार-पाच ताटे म्हशीला हाताने भरवी. पोटाला ऊस मिळतोय तरी हे कशाला, म्हणून मी विचारले. "सवयीचं लागतं काई तरी त्येलाबी," ती म्हणाली. शास्त्रानेही तिचे बरोबर होते. नुसत्या गोडावर रवंथ नीट होत नाही, काडी लागतेच.

मावळातल्या त्या वहिनींच्या घरचा संबंध अजून आहे. गाई आता पाच झाल्या आहेत आणि गोठा सून पाहते. गेल्या फेब्रुवारीत तिचा फोन आला. पेंढा रचायला घेतला आहे, हल्ली युरिया निंबोळीचे तेल लावलेला येतो, प्रमाण तेच ठेवायचे ना, म्हणून. मी म्हटले, तेच. शंभर किलोला चार किलो, एकवीस दिवस. दोन ढीग लागोपाठ करा, एक खायला निघेल तोवर दुसरा पिकेल. सगळे सांगून झाल्यावर मी विचारले, "आणि युरियाचं पाणी कुठे कालवता?"

"न्हाणीघरात, काका," ती म्हणाली. "कडी लावून. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलंय, दार उघडं ठेवशील तर याद राख म्हणून."